आकडा नंतर, आधी भरवसा: दुकानात नेट घेणाऱ्या भाच्यास पत्र

चि. भाच्यास,


अहिल्यानगरच्या केडगावात पुणे रस्त्याला तू स्पेअर पार्टचं होलसेल दुकान टाकतोयस, ताईने कळवलं. फार आनंद झाला. गाळा ठरला, रॅक लागले, आणि आता नेट १०० एमबीपीएसचं घ्यावं की ३००चं, यावर गाडी अडली आहे म्हणे. आकडा मागाहून ठरव. दुकानदाराने आधी विचारायचं ते असं: लाइन गेली तर किती वेळात येणार, आणि तोवर बिल कशावर करायचं?

२००४च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएस वेग पुरेसा धरला होता. जानेवारी २०२३मध्ये ती किमान मर्यादा २ एमबीपीएसवर नेली. बाजारात मिळणारा वेग त्याच्या कितीतरी पुढे निघून गेलाय. वेगाची टंचाई आता उरली नाही, टंचाई आहे ती भरवशाची. आणि धंद्याला भरवसाच लागतो. १ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटींवर उलाढाल असलेल्या व्यापाऱ्याला दुसऱ्या व्यापाऱ्याच्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस सक्तीचं झालं. परराज्यात ५० हजारांवरचा माल जायचा तर ई-वे बिल हवंच. ऐन वेळी नेट गेलं की टेम्पो भरलेला असूनही दारातच उभा राहतो.

आता तारेत काय असतं ते बघ. कंपनीच्या केंद्रातून निघालेली एक फायबर वाटेत स्प्लिटरने फुटते आणि ३२ किंवा ६४ गिऱ्हाइकांपर्यंत जाते. नेहमीच्या जीपॉन पद्धतीत त्या सगळ्यांना मिळून खाली येणारा वेग साधारण २.५ जीबीपीएस आणि वर जाणारा १.२५ जीबीपीएस असतो. संध्याकाळी सगळी कॉलनी सिनेमे बघायला बसली की तुझ्या १००चे १०० राहतीलच असं नाही. लीज्ड लाइनचा वेग मात्र एकट्याचा असतो, चढता-उतरता सारखा, आणि त्याचा लेखी करार होतो. भाडंही त्याच मानाने चढं असतं. नागापूर किंवा सुपा एमआयडीसीतल्या मोठ्या कारखान्याला ते परवडतं. तीन टेबलांच्या दुकानाला चांगली बिझनेस फायबर पुरते.

मेगाबिट आणि मेगाबाइट यांत आठपटीचा फरक आहे. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ मेगाबाइट, म्हणजे १ जीबीची फाइल यायला किमान ८० सेकंद. बिलिंगला इतकाही वेग लागत नाही. वेग खातात ते कॅमेरे. एका कॅमेऱ्याला ३ एमबीपीएस धरले तर आठ कॅमेऱ्यांचं चित्रण क्लाउडवर चढवायला २४ एमबीपीएस सतत वर जाणार. म्हणून चढता वेग किती, हे आवर्जून विचार. चित्रण दुकानातल्याच रेकॉर्डरवर ठेवलंस, तर घरून बघशील तेवढ्यापुरताच भार पडेल.

घरगुती प्लॅन स्वस्त दिसतो, पण धंद्यासाठी वापरायला बहुधा त्याच्या अटींतच मनाई असते. शिवाय त्यात एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटलेला असू शकतो. मग घरी बसून दुकानातला टॅलीचा संगणक थेट उघडू म्हटलं तर उघडत नाही. त्यासाठी स्टॅटिक आयपी मागून घ्यावा लागतो.

करारात ९९.५ टक्के अपटाइम लिहिलेलं वाचून भारी वाटतं. तीस दिवसांच्या महिन्यात उरलेला अर्धा टक्का म्हणजे ३ तास ३६ मिनिटं. ९९.९ टक्के असेल तर जेमतेम ४३ मिनिटं. रविवार धरलाय का, दुरुस्ती किती तासांत, उशीर झाला तर भाड्यात सूट किती, हे तोंडी नको, कागदावर घे.

जोडणीच्या दिवशी तू स्वतः हजर राहा. भिंतीवरच्या ओएनटी डब्यावर पॉनचा दिवा स्थिर हिरवा हवा. एलओएसचा दिवा लाल लुकलुकला, तर फायबरमधून प्रकाशच पोहोचत नाहीये. मग डबा दहा वेळा बंद-चालू करून काही होत नाही, तक्रारच नोंदवायची. जोडणीला आलेल्या मुलाला प्रकाश मोजणारा पॉवर मीटर लावायला सांग. उणे २७ डीबीएमच्या खाली आकडा गेला तर लाइन कधीही दगा देईल. उणे २०च्या आसपास असेल तर निर्धास्त राहा. फायबरची पिवळी तार रॅकमागे दुमडू देऊ नकोस. बिलिंगचा संगणक वायफायवर न ठेवता कॅट-सिक्स केबलने जोड, कारण लोखंडी रॅकमधून वायफाय नीट जात नाही. वेगही केबल लावूनच तपास. वीज गेली की डबाही बंद पडतो, तेव्हा त्याला छोटा यूपीएस लाव.

दुसरी लाइन घेच, पण दुसऱ्या कंपनीची फायबर घेऊन भागत नाही. दोन्ही तारा एकाच खांबावरून येत असतील तर रस्ता खोदणारा एक जेसीबी दोन्ही तोडतो. दुसरी सोय ५जी एअरफायबरची किंवा सिमच्या राउटरची ठेव. तिचा चढता वेग कमी असतो, पण बिल आणि यूपीआय निभावून जातं. दोन वॅन पोर्टचा राउटर एक लाइन गेली की आपोआप दुसरीवर जातो.

फॉर्म भरताना पिनकोड आणि नकाशावरची खूण दोन्ही दे, कारण पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातही एक केडगाव आहे. आपल्या भागात तारेचं नेट कोण देतं ते संचार साथी पोर्टलवर कळतं. त्यातल्या दोन-तीन कंपन्यांची लेखी कोटेशनं मागव. शेजारच्या गाळेवाल्यांना विचार, गेल्या पावसाळ्यात कोणाची लाइन किती वेळा गेली आणि तक्रारीला माणूस कधी आला. करारावर सही करण्याआधी कागद मला पाठव, बसून वाचू.

ताईला आणि भावजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा