सिमेंटचा दगड
(बी. ए. भाग २)

आमच्या झरी जामणी तालुक्यात दगडाला तोटा नाही. तेव्हा बागेसाठी सिमेंटचा दगड घरी कसा करावा, हे येथे सांगणे म्हणजे नदीकाठी पाणी विकणे होय, असे कोणी म्हणेल. परंतु माझ्यावर तशी वेळ आली खरी.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही काही मित्रांनी महाविद्यालयाच्या फाटकाजवळ लहानशी बाग करण्याचे ठरविले. मध्ये तीन मोठे दगड हवे होते. एकाने सुचविले, "शिबल्याचे आणू, ट्रॅक्टर आहे." सर्वांनी माना डोलावल्या, मीही डोलावली.

रात्री मात्र मन खाऊ लागले. शिबला-पार्डी परिसरातील ते दगडी खांब कोणी घडविलेले नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला. तो थंड होताना आकसला, त्याला तडे गेले आणि असे पैलूदार खांब तयार झाले. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट टेकडी याच जातीची. एवढा जुना ठेवा चार फुलझाडांच्या शोभेसाठी उपटावा काय? दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "दगड मी करून देतो." मित्र हसले.

वास्तविक सिमेंटचे आणि दगडाचे नाते नावापासूनच आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली सिमेंटचे पेटंट घेतले आणि पोर्टलंड येथील इमारती दगडासारखे दिसते म्हणून त्याला 'पोर्टलंड सिमेंट' हे नाव दिले. त्याच शतकात तेथील पुलहॅम घराण्याने विटा व दगडांच्या तुकड्यांवर सिमेंट चढवून बागांतून मोठमोठे कृत्रिम खडक उभारले. आमच्या मुकुटबनलाही सिमेंटचा कारखाना आहे. सिमेंट म्हणजे तरी काय? चुनखडी आणि माती भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून, त्यात जिप्सम घालून केलेली पूड.

माझे वडील गवंडीकाम करतात. तरीही त्यांना न विचारता मी पहिला दगड केला आणि लवकर वाळावा म्हणून उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी त्याला आरपार चीर गेली. बाबांनी तो पाहिला व म्हणाले, "सिमेंट का धोतर हाय, उन्हात वाळवाले? त्याले पाणी पाज."

त्या एका वाक्यात रसायनशास्त्राचा पाठ होता. सिमेंट वाळून घट्ट होत नाही; पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. पाणी आधीच उडून गेले तर ते कच्चे राहते आणि तडकते.

पुढचे दगड बाबांच्या देखरेखीखाली केले. कृती अशी :

१. विटांचे तुकडे भिजवून हव्या त्या आकारात रचावे. कोरडी वीट मालातले पाणी शोषून घेते. वरून कोंबडीजाळी घट्ट गुंडाळावी.

२. एक घमेले सिमेंट व तीन घमेली चाळलेली रेती कोरडीच मिसळावी. काळा रंग हवा असल्यास काळा ऑक्साइड याच वेळी घालावा. तो सिमेंटच्या वजनाच्या दहाव्या भागाहून अधिक नसावा. मग पाणी बेताचे, मुठीत गोळा बसेल इतकेच.

३. सुमारे एक इंच जाडीचा थर जाळीत दाबून बसवावा. ओला असतानाच चुरगळलेले प्लास्टिक दाबले की खडबडीतपणा येतो. खिळ्याने भेगा काढाव्या.

४. थर धरू लागला की ओले पोते झाकून, सावलीत, किमान सात दिवस पाणी मारावे.

५. नव्या सिमेंटमधून चुना झिरपतो. म्हणून दगड काही आठवडे वरचेवर धुऊन मगच झाडांजवळ ठेवावा.

एक सूचना महत्त्वाची. हातात रबरी मोजे घालावेत. ओले सिमेंट कातडी जाळते. बाबांच्या बोटांच्या भेगा मी लहानपणापासून पाहत होतो. त्यांचे कारण मला या दगडांमुळे समजले. आता घरात मोज्यांचा एक जोड आहे. बाबा तो कधी घालतात, कधी विसरतात.

तीन दगड आज फाटकाजवळ आहेत. जवळून पाहणाऱ्याला ते सिमेंटचे आहेत हे कळते, आणि त्याचे मला वाईट वाटत नाही. तडकलेला पहिला दगड आमच्या अंगणात आहे. त्याच्या खोलगट भागात कोंबड्या पाणी पितात. शिबल्याचे खांब आम्ही हलविले नाहीत.

प्रवेश-अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी आजवर 'मजुरी' असे लिहीत आलो. यंदा 'गवंडी' असे लिहिले.