चढाईपटूची पारख

मराठी वाचकाला तंजावर आठवते ते भोसल्यांच्या दरबारामुळे आणि सरस्वती महालातील पोथ्यांमुळे. त्याच जिल्ह्यातील खेड्यांतून पोंगलच्या सुमारास रात्री दिव्यांच्या उजेडात कबड्डीचे सामने रंगतात, हे मात्र आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. आपला हुतूतू तो तिकडचा सडुगुडु. अशा सामन्यात मैदानाच्या कडेला एखाद्या महाविद्यालयाचा प्रशिक्षकही उभा असतो.

अमेरिकेतील विद्यापीठांचे फुटबॉल संघ शाळकरी मुलांमधून चेंडू घेऊन प्रतिपक्षाची फळी भेदणारा धावपटू हेरतात आणि शिक्षणाचा खर्च उचलण्याचे वचन देऊन त्याला आपल्याकडे ओढतात. येथे शोध असतो तो चढाईपटूचा. त्याला 30 सेकंदांचा अवधी मिळतो. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवरील निदानरेषा तरी ओलांडायची, किंवा गडी बाद करायचा, आणि दम न सोडता परतायचे. समोर सात जण टपलेले. प्रेक्षक उंच उडीला टाळ्या देतात. जाणता प्रशिक्षक पायांकडे पाहतो. कोपऱ्यातला गडी घोट्याकडे झेपावला की मुलगा मागचा पाय केव्हा उचलतो? एकदा पकडला गेल्यावर पुढच्या चढाईत तो बिचकतो काय? मातीवर अनवाणी चपळ असलेला मुलगा मॅटवर बूट घालून तसाच राहील, याचीही खात्री नसते.

पुढचा व्यवहार साधा दिसतो. खेळाडूंच्या राखीव जागेवर प्रवेश, शुल्कात सवलत, वसतिगृह आणि जेवण. मोबदल्यात आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळणे. कुटुंबाची नजर त्याही पलीकडे, रेल्वे वा पोलीस दलातील नोकरीवर असते. पण गुडघ्याचा अस्थिबंध तुटला तर सवलत राहील काय, हे प्रवेशाच्या वेळीच विचारून लेखी घ्यावयास हवे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला ते सुचत नाही, आणि बापाला विचारण्याचा संकोच वाटतो. प्रशिक्षकाने ते आपण होऊन सांगावे, हेच रास्त.

2014 मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाल्यापासून घाई वाढली. लिलावाबाहेर नवोदित तरुणांशी थेट करार होऊ लागले, आणि चपळ पोराला लवकर गाठण्याची चढाओढ लागली. बचावपटूचे मोल मात्र उशिरा कळते. वेळ साधणे, साखळी राखणे, मोह आवरणे हे वयाने येते. तंजावर जिल्ह्यातील तिरुसनमपूंडी गावचे धर्मराज चेरलाथन 1975 साली जन्मले. बचावात नाव कमावलेल्या या खेळाडूच्या नेतृत्वाखाली पाटणा पायरेट्सने 2016 मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. त्याच वर्षी अहमदाबादेत विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघातही ते होते. तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडलेली होती.