धोतऱ्यातले औषध

धोतरा कुणी पाहिला नाही? उकिरड्यावर, पडक्या भिंतीच्या कडेला तो आपसूक उगवतो. महाशिवरात्रीला आपण त्याचे फूल शंकराला वाहतो. गुरे मात्र सहसा त्याला तोंड लावत नाहीत. त्यांना बरोबर कळते!

धोतऱ्याच्या सगळ्या भागांत जहर आहे. त्याच्या काटेरी बोंडातल्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. पोराने त्या खाल्ल्या तर तोंड कोरडे पडते. अंग तापते, लाल होते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. छाती धडधडते, लघवी अडते. मग पोर भलतेच बरळू लागते. जीवही जातो. पूर्वी ठग लोक वाटसरूंना धोतरा चारून लुटत, ते याच गुणामुळे.

हे करणाऱ्या द्रव्यांपैकी एकाचे नाव ॲट्रोपिन. वनस्पतीतल्या अशा द्रव्यांना शास्त्रज्ञ अल्कलॉइड म्हणतात. तंबाखूतले निकोटिन आणि चहातले कॅफिन हीही त्याच जातीची. बेलाडोना हे धोतऱ्याच्याच कुळातले झाड. त्याच्या मुळातून एका जर्मन औषध करणाऱ्याने १८३१ साली ॲट्रोपिन शुद्ध रूपात काढले.

आता फवारणीचे पाहू. कपाशीवर मारतात त्यांतली बरीच औषधे ऑर्गनोफॉस्फेट जातीची असतात. ती नाकातोंडातून, अंगावरच्या ओल्या कपड्यांतूनही शरीरात जातात. मग सारे उलटे होते. लाळ गळते, दरदरून घाम सुटतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. छातीत पाणी भरून घरघर लागते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले.

लाळ आणणारे एक विष, तोंड कोरडे करणारे दुसरे. म्हणून अशा रोग्याला डॉक्टर ॲट्रोपिनची सुई देतात. छाती मोकळी होईपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. एकाच रोग्याला कितीतरी सुया लागतात.

तर मग घरीच धोतरा वाटून पाजावा का? मुळीच नाही! एका झाडात जहर कमी, दुसऱ्यात जास्त. सुईत ते मोजून भरलेले असते, वाटीत कोण मोजणार? शिवाय सगळीच फवारणीची औषधे ऑर्गनोफॉस्फेट नसतात. म्हणून दवाखान्यात जाताना औषधाचा डबा बरोबर न्यावा. डॉक्टरांना त्यावरून पुष्कळ कळते.

फवारताना कुणाला भोवळ आली, तर त्याला शेतातून बाहेर काढा. कपडे उतरवा. अंग साबणपाण्याने धुवा, पण स्वतःच्या हाताला ते विष लागू देऊ नका. उलटी करवू नका, कुशीवर निजवा. १०८ नंबरला फोन लावा.

दवाखान्यात सुया सुरू झाल्या की रोगी कधी कधी बरळतो, चादर ओढतो. घरचे घाबरतात. ॲट्रोपिन जास्त झाले की असे होते. नर्सबाईंना लगेच सांगा, त्या डॉक्टरांना बोलावतील. आणि घाम थांबला, माणूस बोलू लागला, म्हणून त्याला लगेच घरी आणू नका. एक ते चार दिवसांत काही रोग्यांची मान उचलत नाही, श्वास पुन्हा अडखळतो. तेव्हा ॲट्रोपिनचा उपयोग होत नाही. श्वास देणारे यंत्रच लावावे लागते.