मुलांच्या विज्ञान प्रकल्पातून घरच्या जळणाचा हिशेब



शाळेचे विज्ञान प्रदर्शन जवळ आले की घरोघरी थर्मोकोलची पवनचक्की तयार होते आणि प्रदर्शन संपले की ती माळ्यावर जाते. यंदा आपल्या मुलाला किंवा मुलीला घरची चूल तपासायला सांगा.

शनिशिंगणापूर, सोनई, घोडेगाव हा नेवासे तालुक्यातील पट्टा उसाचा व कपाशीचा. घरात गॅस आला तरी अंघोळीचे पाणी आणि भाकरी अजून बऱ्याच घरी पऱ्हाट्या व लाकडावरच होते. साखर कारखाना बॉयलरमध्ये जाणाऱ्या बगॅसचा टनावारी हिशेब ठेवतो. घरच्या चुलीचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही आणि धूर गृहिणीच्या डोळ्यांत जातो.

प्रयोगासाठी तराजू, पातेले आणि शाळेतील 110 अंशांचा थर्मामीटर पुरे. तापाचा थर्मामीटर वापरू नये, तो फुटतो. पातेल्यात मोजून 2 लिटर पाणी घ्यावे व त्याचे तापमान लिहावे. वाळलेले जळण तोलून घ्यावे, जाळ करावा आणि पाणी 95 अंशांवर आले की चूल विझवावी. उरलेले लाकूड व कोळसा वेगवेगळे तोलावेत, कारण कोळशात वजनाच्या मानाने लाकडाच्या जवळपास दुप्पट उष्णता असते. जवळ मोठे माणूस असावे.

आता गणित पाहू. समजा, पाणी 25 अंशांचे होते. 2 किलो पाणी 70 अंशांनी तापले, म्हणजे 140 किलोकॅलरी उष्णता कामी आली. उरलेल्या कोळशाची वजावट करून जळण 400 ग्रॅम लागले असे धरू. एक किलो वाळलेल्या लाकडात साधारण 3500 किलोकॅलरी धरल्या, तर चुलीत 1400 जळल्या. कार्यक्षमता 10 टक्के! साध्या चुलीचा आकडा बहुधा असाच येतो. 100 पैकी 90 भाग भिंतीला, वाऱ्याला आणि धुराला गेले. गॅसच्या शेगडीची कार्यक्षमता 60 टक्क्यांच्या पुढे असते.

यानंतर एका वेळी एकच बदल करून प्रयोग पुन्हा करावा. पातेल्यावर झाकण ठेवावे. मग वाऱ्याच्या बाजूने पत्र्याचा आडोसा करावा. मग जाड ओंडक्याऐवजी फोडलेली ढलपी वापरावी. दोन बदल एकदम केले तर फायदा कशाचा झाला ते कळत नाही. पीक प्रात्यक्षिकातही आपण हेच पाळतो. 10 टक्क्यांचे 15 झाले, तरी तेवढ्याच पाण्याला एक तृतीयांश जळण कमी लागते. ओल्या जळणाचाही एक प्रयोग घ्यावा. लाकडातील प्रत्येक 100 ग्रॅम पाण्याची वाफ करण्यात सुमारे 60 किलोकॅलरी फुकट जातात.

दुसरा प्रकल्प पाचटाच्या पेटीचा. पाचट जाळू नये, खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवावे, हे आपण जाणताच. त्यातील पाटीभर कुट्टी मुलांना द्यावी. खोक्यात चारही बाजूंनी व तळाला वीतभर जाडीची कुट्टी दाबून बसवावी. सारख्या आकाराच्या दोन झाकणाच्या डब्यांत सारखे उकळते पाणी घ्यावे. एक डबा पेटीत ठेवून वरून कुट्टीची उशी द्यावी, दुसरा ओट्यावर ठेवावा. दोन तासांनी दोन्हींचे तापमान घ्यावे. फरक पाहिला की पुढचे सांगावे लागत नाही. भिजवलेली डाळ दहा मिनिटे उकळून भांड्यासह या पेटीत ठेवली, तर पुढचे शिजणे जाळाशिवाय होते. मात्र अन्न रात्रभर पेटीत ठेवू नये आणि वाढण्यापूर्वी एक उकळी द्यावी.

अशा शिक्षणाची आपल्याकडे चांगली परंपरा आहे. शिरूर तालुक्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून शाळांत गेलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात ऊर्जा व पर्यावरण हा स्वतंत्र विभाग आहे आणि मुले हाताने काम करून शिकतात. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची पद्धत बसवली. तिला 2002 मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. वरच्या वर्गातील मुलांना हा विषय घेता येईल.

प्रत्येक प्रयोग किमान तीन वेळा करून सरासरी घ्यावी. तारीख, जळणाचा प्रकार, वजन, तापमान व लागलेली मिनिटे वहीत लिहावीत. आकडा कमी आला तरी खोडू नये. परीक्षकांना तोच दाखवावा. जूनमध्ये पाऊस पडल्यावर, सरपण सर्दले की हीच वही पुन्हा काढावी आणि उघड्यावरच्या व पत्र्याखालच्या पऱ्हाट्या वेगवेगळ्या जाळून पाहाव्यात.