ज्या कामावर निरीक्षक येत नाही

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहरातील उस्मानपुरा हा रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा दाट वस्तीचा भाग. शासकीय तंत्रनिकेतन याच भागात आहे आणि संत एकनाथ रंगमंदिरही येथेच. मार्गशीर्ष-पौषात मराठवाड्यात पहाटेचा गारठा चांगलाच जाणवतो. अशा वेळी येथील गच्च्यांकडे दृष्टी टाकली, तर पाण्याच्या काळ्या टाक्यांशेजारी दक्षिणेकडे तोंड करून बसविलेली सौर उष्णजल संयंत्रे दिसतात. जेथे ती नाहीत, तेथे न्हाणीघराच्या भिंतीवर विजेचा किंवा गॅसचा गीझर असतो. एका पिढीपूर्वी अंगणात धुमसणाऱ्या तांब्याच्या बंबाची जागा या साधनांनी घेतली आहे. बंब कोणीही पेटवू शकत असे. ही नवी साधने मात्र जाणत्या हातांनीच जोडावी लागतात. त्या हातांचे काम किती जबाबदारीचे आहे, याचा विचार मात्र फारसा होत नाही.

कारखान्यातील बाष्पक आणि घरातील गीझर

वाफेची शक्ती माणसाने राबविली, तशी तिची किंमतही मोजली. १८६३ मध्ये कलकत्त्यात एका बाष्पकाचा भीषण स्फोट होऊन अनेक जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर १८६४ मध्ये बंगालमध्ये बाष्पकांच्या तपासणीसाठी कायदा झाला. अमेरिकेत ब्रॉकटन येथील बुटांच्या कारखान्यात १९०५ साली झालेल्या स्फोटात ५८ माणसे दगावली आणि त्या धक्क्यातूनच तेथील बाष्पकविषयक तांत्रिक नियमावलीला चालना मिळाली. भारतात १९२३ चा बाष्पके अधिनियम दीर्घकाळ लागू होता. त्याची जागा आता २०२५ च्या अधिनियमाने घेतली आहे. कारखान्यातील बाष्पकाची नोंदणी होते, ठरावीक मुदतीने तपासणी होते आणि ते चालविणाऱ्या माणसाला सक्षमतेचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. महाराष्ट्रात हे काम बाष्पके संचालनालय पाहते.

परंतु ज्या भांड्यात पाणी १०० अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापते, ते या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. हा अपवाद योग्यच आहे. घराघरातील न्हाणीघरात शासनाचा निरीक्षक जाऊ शकत नाही आणि जावा अशी कोणाची अपेक्षाही नाही. मात्र त्यामुळे एक गोष्ट ओघानेच येते. घरातील गीझर भिंतीवर चढला, नळ जोडले गेले, वीज सुरू झाली की ते काम पुन्हा कोणी तपासत नाही. घरमालकाला पाणी गरम झालेले दिसते आणि तेवढ्यावर तो समाधानी असतो. झडप बरोबर बसली आहे की नाही, भूसंपर्काची तार खरोखर जमिनीपर्यंत गेली आहे की नाही, हे जोडणाऱ्यालाच ठाऊक असते. या कामाचा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा निरीक्षक म्हणजे स्वतः कारागीर. त्याच्या व्यवसायाचा मान या एका गोष्टीत सामावलेला आहे.

बंबाने शिकविलेला धडा

तांबटाने घडविलेला बंब ही साधी वस्तू नव्हती. मध्यभागी धुराड्याची नळी, तळाला जाळी, भोवती पाणी आणि बाजूला तोटी. जाळ नळीतून वर जाताना सभोवतालचे पाणी तापवी. पत्रा ठोकून आकार देणे, सांधे डाख देऊन पक्के करणे, तोटी न गळेल अशी बसविणे ही कामे वर्षानुवर्षांच्या सरावानेच साधत. पुण्यातील तांबट आळीसारख्या वस्त्यांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. बंबाचा मोठा गुण म्हणजे तो वरून मोकळा असे. पाणी उकळले तरी वाफेला वाट असे, त्यामुळे आत दाब साठत नसे.

आजचा विजेचा साठवण गीझर बंदिस्त असतो. २० अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापले की ते सुमारे दीड टक्का फुगते. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ साधारण पाव लिटरहून अधिक, म्हणजे जवळजवळ ४०० मिलिलिटर होते. पाणी दाबले जात नाही, म्हणून या वाढीला वाट द्यावीच लागते. तापमान ठरावीक मर्यादेत ठेवणारा थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी तापतच राहिले, तर दाब वाढत जातो. अशा वेळी सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणून ओळखली जाणारी सुरक्षा झडपच टाकीला वाचविते. या झडपेतून कधीमधी पाणी ठिबकते. ते गळते आहे असे समजून तिचे तोंड बूच मारून बंद करणे हा जिवाशी खेळ होय. चांगला कारागीर ते पाणी लहान नळीने मोरीपर्यंत सोडतो आणि झडपेचे काम काय, हे घरातील माणसांना सांगून ठेवतो.

पाणी, वीज आणि हवा

या शहराचा पाण्याशी असलेला संबंध जुना आहे. मलिक अंबराने सतराव्या शतकात वसविलेल्या खडकीला नहरींनी पाणी पुरविले. पाणचक्कीला उत्तरेकडील डोंगरातून काही किलोमीटर अंतरावरून मातीच्या नळांतून पाणी आणले गेले आणि ते उंचावर चढवून त्याच्या धारेवर जाते फिरविले गेले. पाणी आपली पातळी गाठते, हे साधे तत्त्व त्यामागे आहे. ते नळ सांधणाऱ्या कारागिरांची नावे कोणाला सांगता येत नाहीत, परंतु त्यांचे काम मात्र आजही पाहता येते.

गच्चीवरील सौर संयंत्रातही हेच तत्त्व नव्या रूपात भेटते. संग्राहकात तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि टाकीतील थंड पाणी त्याची जागा घेण्यास खाली उतरते. त्यासाठी पंप लागत नाही, पण पातळ्या अचूक असाव्या लागतात. गरम पाण्याच्या टाकीचा तळ संग्राहकाच्या वरच्या कडेपेक्षा उंच हवा, नाहीतर रात्री प्रवाह उलटा होऊन दिवसभराची ऊब आकाशात निघून जाते. थंड पाण्याची टाकी त्याहून उंच हवी. हवा आणि वाफ बाहेर सोडणारी उभी नळी थंड टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षाही वर गेली पाहिजे. हे शहर सुमारे २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. म्हणून संग्राहक दक्षिणेकडे तोंड करून, हिवाळ्यातील खाली आलेल्या सूर्याला सामोरा जाईल इतका कलता बसवितात. शेजारच्या टाकीची सावली सकाळी दहा वाजता कोठे पडते, हे न पाहता बसविलेले संयंत्र ग्राहकाला वर्षानुवर्षे मनस्ताप देते.

शहराला नाथसागराचे पाणी मिळते, परंतु दोन पुरवठ्यांमध्ये कित्येक दिवसांचे अंतर पडणे हा येथील रहिवाशांचा अनेक वर्षांचा अनुभव आहे. याचा थेट परिणाम जोडणीवर होतो. गच्चीवरील टाकी रिकामी झाली असताना गीझर चालू राहिला तर तापक तार जळते. शिवाय पाणी परत खाली ओढले जाऊन टाकी कोरडी पडू नये, यासाठी थंड पाण्याच्या नळावर एकाच दिशेने उघडणारी झडप लागते. अनेक घरांत तुटीच्या दिवसांत कूपनलिकेचे पाणी वापरले जाते. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेल्या अशा पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार बरेच असतात. ते तापविताना पांढरे थर बनून तापक तारेवर बसतात, वीज जास्त लागते आणि तार लवकर निकामी होते. ठरावीक काळाने टाकी उघडून हे थर काढावेत, असा सल्ला देणारा कारागीर ग्राहकाचे पैसे वाचवीत असतो.

विजेचे गणितही साधे आहे. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे एक युनिट वीज लागते. २ किलोवॉटच्या गीझरला त्यासाठी अर्धा तास पुरतो. मात्र त्या अर्ध्या तासात तारेतून जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह वाहतो आणि ३ किलोवॉटच्या गीझरला तो १३ अँपिअरपर्यंत जातो. दिव्यासाठी टाकलेल्या बारीक तारेवर हा भार घातला की ती भिंतीच्या आत तापत राहते. गीझरसाठी स्वतंत्र, योग्य जाडीची तांब्याची तार आणि १६ अँपिअरचा सॉकेट हवा. भूसंपर्क तर सर्वांत महत्त्वाचा. मुरमाड जमीन उन्हाळ्यात कोरडी पडली की भूसंपर्काचा खड्डा आपले काम नीट करू शकत नाही. म्हणून खड्ड्यात कोळसा व मीठ भरावे लागते आणि अधूनमधून पाणी घालावे लागते. ३० मिलिअँपिअरची गळती होताच प्रवाह तोडणारे उपकरण बसविले, तर ओल्या अंगाने नळाला हात लावणाऱ्या मुलाचा जीव वाचतो.

गॅस गीझरचा धोका डोळ्यांना दिसत नाही. गॅस अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद न्हाणीघरात अंघोळीला गेलेली व्यक्ती भोवळ येऊन पडल्याच्या दुर्घटना महाराष्ट्रातही घडल्या आहेत. म्हणून गॅस गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसविणे, हाच खरा सुरक्षित मार्ग होय. "आत जागा आहे, तेथेच लावा" असा आग्रह घरमालक धरतो. त्या वेळी नम्रपणे परंतु ठामपणे "येथे लावणार नाही" असे सांगणे, हीही कारागिराच्या कौशल्याचीच एक बाजू आहे. एक काम हातचे गेले तर दिवसाची मजुरी बुडते. पण ते काम केले आणि पुढे अनर्थ झाला, तर त्याची भरपाई कशानेही होत नाही.

नळवाला की कारागीर?

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून नळ कारागीर, वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, संधाता असे व्यवसाय शिकविले जातात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी अधिनियमाने कारखान्यात प्रत्यक्ष काम करीत शिकण्याची सोय केली. गीझर जोडणाऱ्याला यांपैकी निदान दोन विद्या लागतात, पाण्याची आणि विजेची. सौर संयंत्र बसविणाऱ्याला त्यात सूर्याच्या भ्रमणाचेही ज्ञान जोडावे लागते. तरीही घरी आलेल्या या माणसाचे नाव विचारण्याची पद्धत नाही. "नळवाला आला आहे" एवढ्यावर त्याची ओळख संपते. थंड हवेच्या देशांत संपूर्ण घर ऊबदार ठेवण्यासाठी घरोघरी बॉयलर असतात. ब्रिटनमध्ये गॅसवरील असे काम नोंदणीकृत कारागिरानेच करावे, असा कायदा आहे आणि ग्राहक त्याचे ओळखपत्र पाहून घेतो. ओळखपत्र मागणे म्हणजे अविश्वास नव्हे. कामाला नाव मिळाले की जबाबदारीही मिळते आणि जबाबदारीबरोबर मानही येतो.

हा मान केवळ मागून मिळत नाही. भिंत साडेचार इंची आहे हे ओळखून २५ किलो पाणी आणि टाकीचा भार पेलेल असे खिळे निवडणे, गरम पाण्याच्या मार्गावर मऊ पडणारा साधा पीव्हीसी पाइप न वापरणे, जोड लपविण्यापूर्वी दाबाखाली गळती तपासणे, झाकण लावण्याआधी भूसंपर्काची तार ओढून पाहणे या बारीकसारीक गोष्टींतून तो घडतो. यांतील एकही गोष्ट ग्राहकाच्या नजरेस पडत नाही, आणि म्हणूनच त्या कारागिराची सचोटी सांगतात.

यासाठी एक साधी सवय लावून घेता येण्याजोगी आहे. काम पूर्ण झाल्यावर कारागिराने गीझरजवळ कोरड्या जागी एक छोटे पत्रक चिकटवावे. त्यावर जोडणीची तारीख, तारेची जाडी, सुरक्षा झडप व भूसंपर्क तपासल्याची नोंद, क्षार काढण्याची पुढील तारीख आणि शेवटी स्वतःचे नाव लिहून सही करावी. अशी सही करायची म्हटले की हात आपोआप दोन घटका अधिक थांबतो आणि सैल राहिलेला स्क्रू पुन्हा आवळला जातो. पौषातल्या पहाटे उस्मानपुऱ्यातील एखाद्या घरात वृद्ध आजी किंवा शाळेत निघालेले मूल निर्धास्तपणे गरम पाण्याने अंघोळ करते, तेव्हा त्या निर्धास्तपणामागे हीच सही असते.