पैसे कधी मिळणार, ते दिवसांत लिहून घ्या

प्रश्न : भोसरीत आमचा सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना आहे. एका मोठ्या कंपनीच्या वार्षिक करारात ‘माल समाधानकारक आढळल्यावर वाजवी मुदतीत पैसे दिले जातील’ असे कलम आहे. बदल सुचवला तर ‘आमचा मसुदा ठरलेला आहे’ असे पर्चेसवाले सांगतात. सही करावी का?

उत्तर : हे कलम असेच ठेवून सही करू नका. समाधान कोणाचे आणि वाजवी म्हणजे किती दिवस, हे दोन्ही त्यात पैसे देणाऱ्याच्या मर्जीवर सोडले आहे. तुमची उद्यम नोंदणी सूक्ष्म किंवा लघु गटात असेल, तर २००६चा एमएसएमई विकास कायदा तुमच्या पाठीशी आहे. करारात काहीही लिहिले तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडे पैसे लांबवता येत नाहीत. लांबवलेच तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज द्यावे लागते.

कायदा इतका भक्कम असताना कलमासाठी वाद कशाला, असे वाटेल. पण खरा वाद मुदतीचा नसतो, ती मोजायची कुठून याचा असतो. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर तो पोहोचला त्याच दिवशी स्वीकारला असे कायदा धरतो. मात्र चौदाव्या दिवशी ‘फिनिश बरोबर नाही’ एवढी एक ओळ मेलवर आली, की ती हरकत दूर होईपर्यंत दिवस मोजायलाच सुरुवात होत नाही. फिनिश कसे हवे होते, हे कायदा सांगणार नाही. ते करारानेच सांगायला हवे. म्हणून असे लिहून घ्या : ‘चलनावर इनवर्डचा शिक्का बसल्यापासून सात दिवसांत, मंजूर ड्रॉइंगमधील माप व टॉलरन्स दाखवून लेखी रिजेक्शन न कळवल्यास माल स्वीकारला असे समजावे, शिक्क्याच्या तारखेपासून ४५ दिवसांच्या आत बिल चुकते करावे.’

आग्रह धरला तर काम हातचे जाईल, ही भीती खरी आहे. पण तुम्ही दर वाढवून मागत नाही आहात. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४पासून अशी थकलेली रक्कम कंपनीला प्राप्तिकरात खर्च म्हणून प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच दाखवता येते. त्यामुळे नेमकी तारीख त्यांच्या अकाउंट्स विभागालाही हवी असते. पर्चेसकडे अडले तर तिथे बोला. मूळ मसुद्याला हात लावायचा नसेल, तर हेच कलम दोघांच्या सहीच्या परिशिष्टात घ्या आणि विसंगती आढळल्यास परिशिष्ट ग्राह्य धरावे, हेही त्यात लिहा. उद्यम नोंदणी नसेल तर ती सहीआधी करा आणि तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर छापा.