‘अंश’ ही संज्ञा आणि भजणारा जीव

गीतेच्या पंधराव्या अध्यायात जीवाला ईश्वराचा अंश म्हटले आहे. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादातही जीवविचारात हीच संज्ञा येते. भक्तिवाङ्मयाचे इतिहासकार आचार्यांची मांडणी द्वैत, अद्वैत, विशिष्टाद्वैत अशा नावांखाली करीत आले आहेत. ही मांडणी सोयीची असली, तरी तिच्यामुळे मूळ अडचण नजरेआड होते. ब्रह्म निरवयव आहे. मग त्याला अंश कसा असेल? आणि जीव अंशही नसेल, तर भजणारा कोण व मोक्षानंतर त्याचे काय उरते? आधुनिक अनुवादांत ‘अंश’ या शब्दाऐवजी सरसकट ‘भाग’ वा ‘तुकडा’ या अर्थाचा शब्द योजला जातो, तेव्हा हा सारा वादच वाचकाच्या हाती लागत नाही.

शंकराचार्यांनी या शब्दाचा मुख्यार्थ सोडून दिला. जीव हा जणू अंश. पाण्यातील सूर्यबिंब किंवा घटातील आकाश यांसारखा. उपाधी गेली की अंशपणही गेले. भक्तिमार्गी आचार्यांना हे मान्य होणे शक्य नव्हते, कारण उपाधीबरोबर भक्तही जातो. रामानुजांनी तोड काढली ती व्याकरणाच्या अंगाने: विशेषण हा विशिष्ट वस्तूचा अंशच होय. प्रभा ही दीपाची, शरीर हे शरीरी आत्म्याचे. तसा जीव ब्रह्माचा. तो वेगळा करता येत नाही, पण एकरूपही होत नाही. मुक्त जीवाचे कैंकर्य संपत नाही, हा सिद्धान्त याच अर्थावर उभा आहे. मध्वांनी अंशाचे दोन प्रकार मानले. अवतार हे स्वरूपांश, जीव हे भिन्नांश. प्रलयकाळचा अग्नी आणि काजवा ही दोन्ही तेजाचीच रूपे. पण म्हणून ती एका योग्यतेची ठरत नाहीत. वल्लभांनी मात्र उपनिषदांतील अग्नी व ठिणगी यांचा दृष्टान्त अक्षरशः घेतला: ठिणगी खरी, अग्नीचीच, फक्त तिच्यातील आनंद तिरोहित झालेला.

मराठीत या प्रश्नाला दोन अगदी निराळी वळणे मिळाली, आणि तीही एकाच, म्हणजे तेराव्या शतकात. चक्रधरांच्या वचनांचा जो सूत्रपाठ केशिराजबासांनी संकलित केला, त्यात जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर हे चार स्वतंत्र पदार्थ आहेत. परमेश्वर नित्यमुक्त, देवता नित्यबद्ध, आणि जीव बद्धमुक्त. म्हणजे अनादि अविद्येने बांधलेला, तरी सुटण्यास पात्र. येथे अंशाचा आधारच नाही. जीवाचे परमेश्वराशी रक्ताचे नाते नाही, असे म्हटले तरी चालेल. नाते जुळते ते सन्निधानाने. म्हणूनच परमेश्वराने मनुष्यवेषात येणे ही महानुभावांच्या दृष्टीने मोक्षाची अटच होय. ‘लीळाचरित्रा’त स्वामींचे चालणे, बोलणे, जेवणे इतक्या बारकाईने का नोंदले आहे, याचे उत्तर केवळ चरित्रकाराच्या हौसेत नाही, ते या जीवविचारात आहे. गद्यशैलीचा अभ्यास करणाऱ्यांनी ही बाजू बरीच उपेक्षिली आहे.

‘ज्ञानेश्वरी’ची रचना शके 1212 मधील, म्हणजे इ. स. 1290 ची. पंधराव्या अध्यायाच्या त्या स्थळी ज्ञानदेव वाऱ्याने उठलेल्या लाटेचा दृष्टान्त घेतात. लाट लहान दिसते म्हणून ती समुद्राचा अंश वाटते. तसा देहाहंतेमुळे परमात्माच जीव भासतो. इथवर हे शंकराचार्यांच्या जवळचे आहे. तथापि लाटेला घटासारखी भिंत नाही. घट फुटावा लागतो; लाट मात्र उठलेली असतानाही पाणीच असते. हा फरक मला नुसता अलंकाराचा वाटत नाही. त्याचा पुढचा टप्पा अठराव्या अध्यायात येतो. अद्वैतातही भक्ती आहे, परंतु ती बोलण्याची नव्हे, अनुभवण्याची गोष्ट आहे, असे तेथे सांगितले आहे. ‘अमृतानुभवा’च्या नवव्या प्रकरणात तर एकाच डोंगरातून देव, देऊळ आणि परिवार कोरून काढल्याची प्रतिमा आहे. मराठी वाचकाला येथे वेरूळचे कैलास लेणे आठवल्यावाचून राहत नाही. कवीने मात्र कोणत्याही स्थळाचे नाव घेतलेले नाही. या प्रतिमेत दगडाचा तुकडा कुठेही वेगळा पडलेला नाही. पूजक, पूज्य आणि मंदिर हे तिन्ही आकार स्पष्ट आहेत, आणि द्रव्य एक आहे. अंश आणि अंशी हा प्रश्नच येथे विचारता येत नाही.

तुकारामांनी मोक्ष नाकारून गर्भवास मागितला, यावरून त्यांना द्वैतवादी ठरविण्याची घाई काही लेखकांनी केली. त्याच गाथेत अद्वैतानुभवाचे निःसंदिग्ध अभंगही आहेत. त्यांची वासलात मग ‘उत्तरकालीन’ म्हणून लावली जाते. अभंगांचा कालानुक्रम ठरविण्याचे साधन हाती नसता असा निवाडा करणे धाडसाचे आहे. कोरीव डोंगराच्या प्रतिमेजवळ ठेवून वाचले, तर तुकारामांचा नकार अभेदाला नसून, ज्यात गोडी घेणारा उरत नाही अशा अभेदाला आहे, असे दिसते.